बदलीवर आलेली काळी चिप

जळगाव स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या हातात चांदीच्या कागदाची एक पुडी ठेवली, तेव्हा मला वाटलं अंगारा असणार. गाडी भुसावळहून सुटल्याचं नुकतंच पुकारलं होतं. माझ्या एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या हातात मायनं बांधून दिलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी, आणि नाकात नवीकोरी चमकी. मी बंगळूरला निघाले होते, नोकरीला. आमच्या आळीतली पोरगी लग्नाआधी एकटी एवढ्या लांब जाते हे बघायला अर्धी आळी स्टेशनवर आली होती, आणि त्यातल्या निम्म्यांना खात्री होती की मी मनमाडला उतरून परत येईन.

पुडी उघडून बघितली. चहाच्या पुड्यातला चांदीचा कागद, आणि आत बोटभर लांबीचा पांढरा तुकडा. मधोमध सोन्याची चौकोनी टिकली, दोन्ही बाजूंना वीस-वीस सोनेरी पाय. मी ओळखलं. आबा डाळमिलमध्ये चालवायचे त्या मशीनचा जोड होता तो. जादाचा प्रोसेसर.

"हाई जपीसन ठेव," आबा म्हणाले. "एक मशीनमा शे, एक तुन्हाजोडे ऱ्हाऊ दे." एक मशीनमध्ये आहे, एक तुझ्याजवळ राहू दे.

मागून मायनं पोचल्यावर पत्र टाकायला सांगितलं, "पोची का कागद टाकजो." एवढ्यात गाडी आली आणि धक्काबुक्कीत निरोप राहूनच गेला. मी रडले नाही, असं गेली तीसेक वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. रडले होते, पाचोऱ्यापर्यंत. चाळीसगावला भूक लागली.

तुम्ही जे तिथंच राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे कुठं-कुठं जाऊन बसलात, त्या सगळ्यांना त्या पुडीचं पुढं काय झालं ते सांगायचं आहे. मागच्या दिवाळीत जे घडलं ते मी इथं जर्मनीत, ड्रेस्डेनमध्ये, कुणाला सांगायला गेले तर आधी दीड तास खानदेश समजावून सांगावा लागतो. तुम्हाला तेवढं लागणार नाही.

आबा मूळचे धुळ्याकडचे. आमच्या घरात म्हणूनच अहिराणी. ऐन तरुणपणी जळगावच्या एका डाळमिलमध्ये ते तोलारी म्हणून, म्हणजे माल तोलायला आले, तेही बदलीवर. म्हणजे कायमचा तोलारी आजारी पडला, लग्नाला गेला, रुसला, की यांना बोलावणं. बाकीच्या दिवशी मिलच्या दारात बसून राहायचं. बदलीवाल्याला कुणी नावानं हाक मारत नसे. "ए बदली" एवढंच. एकदा एका व्यापाऱ्यानं तुरीची पोती उचलताना टोमणा मारला, की आज बदली काट्यावर आहे, पोती पुन्हा मोजून घ्या. आबांनी हातातलं काम न थांबवता त्याला विचारलं, "बदली उना म्हनीसन पोतं हलकं भरास का?" बदली माणूस आला म्हणून पोतं काय हलकं भरतं का. त्या व्यापाऱ्यानं पोती पुन्हा मोजली. बरोबर भरली. तो किस्सा माय आम्हाला इतक्या वेळा सांगायची की त्या व्यापाऱ्याच्या फेट्याचा रंगसुद्धा मला पाठ आहे, जरी तो फेटा बांधायचा की टोपी घालायचा याबद्दल तिचं स्वतःशीच दोनदा दुमत झालं.

पुढं आबा कायम झाले, आणि मी नऊ-दहा वर्षांची असताना मिलमध्ये परदेशातून ते मशीन आलं. पोतं लावा, बटण दाबा, डाळ आपोआप तोलून पडते. गडी लोक लांब उभे राहायचे. शेठजींनी आबांना मशीनवर बसवलं, कारण यंत्राला न घाबरणारे ते एकटेच होते, किंवा घाबरल्याचं न दाखवणारे. महिन्यातून एकदा डाळीची धूळ साफ करायला ते मशीनचं मागचं दार उघडायचे. एका रविवारी मला सोबत घेऊन गेले. आत हिरवी पाटी, तिच्यावर काळ्या चिप्सची रांग, आणि मध्ये सगळ्यात मोठी, पांढरी, सोन्याच्या टिकलीची. आबांनी पितळी पट्टीनं दाखवलं, "आठे यान्हं डोकं शे."

मी विचारलं, डोकं इतकं लहान कसं. आबांनी पट्टी खिशात घातली. "तू शिकीसन माले सांग," म्हणाले. पुढची सगळी वर्षं मी तेच करत आले.

जळगावातच कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकले. प्रयोगशाळेत आमच्या वाट्याला आठ-शून्य-आठ-पाच आला, म्हणजे ८०८५ नंबरचा प्रोसेसर, जो त्या काळी देशभरच्या पोरांच्या वाट्याला यायचा. आणि गंमत म्हणजे आबांच्या मशीनचं डोकंही तेच निघालं. सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं की प्रोसेसर म्हणजे नवरदेव, एकटा काही कामाचा नाही. त्याच्यासोबत वऱ्हाड लागतं. एक चिप लक्षात ठेवायला, एक बाहेरच्या जगाशी बोलायला, एक ठेका धरायला. असं सगळं मिळून एक संच, ज्याला चिपसेट म्हणायचं. आणि मग त्यांनी फळ्यावर लिहिलं: सेकंड सोर्स.

तेव्हा बाजारात नवी चिप आली की मोठे गिऱ्हाईक विचारायचे, ही तुमच्याशिवाय अजून कोण बनवतं. कुणीच नाही, असं म्हटलं की ते उठून जायचे. उद्या तुमचा कारखाना जळला, संप झाला, तुम्ही भाव खाल्ला, तर आमच्या मशिनांचं काय लोणचं घालायचं. म्हणून मूळ कंपनी स्वतःहून आपला आराखडा दुसऱ्या कंपनीला द्यायची, रीतसर परवानगीनं. दुसरी कंपनी तीच चिप बनवायची. आकार तोच, पाय तितकेच, प्रत्येक पायाचं काम तेच, नंबर तोच. अंगावर छाप तेवढा वेगळा. एक काढून दुसरी बसवली तरी मशीनला पत्ता लागता कामा नये. वर्गातली पोरं वहीत उतरवून घेत होती आणि मी हसत होते. मला वाटत होतं, हे तर आपले आबा आहेत.

घरी येऊन सांगितलं तर आबांना पटलं नाही. असली ती असलीच, म्हणाले. सोन्याच्या बाजारपेठेचं गाव आमचं. इथं सात पिढ्या एकाच पेढीवर जाणारे लोक, त्यांना दुसऱ्या घरचा माल म्हणजे खोट. आबा स्वतः आयुष्यभर बदलीच्या शब्दावर चिडत आले, पण मशीनच्या बाबतीत मात्र पक्के जळगावकर.

बंगळूरच्या चिपच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी मला चमकी काढायला लावली. क्लीनरूममध्ये, म्हणजे चिप बनतात त्या बिनधुळीच्या खोलीत, दागिना नको, पावडर नको, काजळ नको. डोळे सोडून सगळं झाकायचा पांढरा डगला. मी चमकी काढून पाकिटात ठेवली ती पुन्हा घालायची राहिली, आणि दुसऱ्या वर्षी पाकिटासकट हरवली. मायला पत्रातून कळवलं. तिनं उलट टपाली एकच ओळ धाडली की भुंड्या नाकानं घरी येऊ नको. मी तशीच गेले. तिनं जेवायला वाढलं, पण सगळा वेळ माझ्या नाकाकडे बघत होती.

बंगळूरच्या जुन्या बाजारात रविवारी भंगारातल्या चिप्स किलोवर मिळायच्या. मी वेचून आणायचे. सोन्याच्या टिकलीच्या पांढऱ्या, जांभळट, करड्या. कुणी टपाल तिकिटं जमवतं, मी हे. त्यांच्यातच आबांची पुडीही ठेवली. काही काळ्या प्लास्टिकच्याही घेतल्या, दुसऱ्या घरच्या, सेकंड सोर्सच्या, कारण मला त्यांच्याबद्दल उगाच माया. ड्रेस्डेनला यायचं ठरलं तेव्हा नवरा म्हणाला, विमानात तेवीस किलो, त्यात तुझे किडे नकोत. मग सगळा संग्रह बिस्किटांच्या मोठ्या डब्यात भरून जळगावच्या घरी कपाटावर ठेवून आले.

ड्रेस्डेनला येऊनही आता बरीच वर्षं झाली. इथं मी फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात आहे, वेफर तपासते, म्हणजे चिप कोरलेल्या चकत्या. सकाळी ट्राम, दुपारी कँटीनमध्ये बटाटे, म्हणजे कार्टोफेल, संध्याकाळी फायरआबेंड, म्हणजे काम संपलं, की नदीकाठानं चालत घरी. रविवारी कळण्याची, ज्वारी-उडदाची, भाकरी करते, पीठ माय धाडते. वांग्यांसाठी तुर्की दुकानदाराशी भांडते, कारण त्याच्या वांग्यांचं भरीत होत नाही, फक्त दुःख होतं. आमच्या खालच्या मजल्यावर फ्राउ क्रेमर म्हणून एक आजी राहतात. पूर्व जर्मनी होती तेव्हा त्या चिपच्या कारखान्यात होत्या. त्या सांगतात की त्यांना बाहेरून कुणी काही विकत नसे, म्हणून परदेशी चिप मिळवायची, थर-थर खरवडून फोटो काढायचे आणि हुबेहूब तशीच बनवायची. मी म्हटलं, याला सेकंड सोर्स म्हणत नाहीत, याला उचलेगिरी म्हणतात, दुसऱ्या घराला परवानगी असते. त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, तुमचं दुकान उघडं होतं, आमचं बंद होतं. मग आम्ही दोघींनी त्यांचा केक आणि माझी शेव खाल्ली.

मागच्या नवरात्रात मायचा फोन आला. आबांचं मशीन बंद पडलं होतं.

आबा आता ऐंशीला टेकले. मिलमध्ये कधीच नवी मशिनं आलीत, पण लहान ऑर्डरी जुन्यावर भरायला आबा रोज दोन तास जायचे. शेठजी, म्हणजे आता जुन्या शेठजींचे चिरंजीव, भला माणूस. त्यांनी जागा ठेवली होती, मशीनलाही आणि आबांनाही. पण मशीन बंद पडल्यावर ते म्हणाले, आबा, बंद मशीनला मी किती दिवस जागा देऊ, पाडव्याच्या मुहूर्ताला चाललं तर ठेवू, नाहीतर भाऊबीजेनंतर भंगारवाल्याला बोलावतो. त्या दिवसापासून आबा घराबाहेर पडले नव्हते. टीव्हीसमोर बसायचे, टीव्ही बंद. मायला भीती मशीनची नव्हती. "मशीन गयं का हाऊ बी बसी जाई," म्हणाली. मशीन गेलं की हाही माणूस बसून जाईल.

मी म्हटलं, काळजी करू नको, मी दिवाळीला येते. कपाटावरच्या डब्यात जोड आहे, त्याच मशीनचा. आबांनीच दिलेला. दहा मिनिटांचं काम.

फोनवर माय एकदम गप्प झाली. मला वाटलं, गहिवरली.

दिवाळीच्या आदल्या दिवशी घरी पोचले. पाणीही न पिता स्टुलावर चढून डबा काढला. हलका लागला. झाकण उघडलं तर तळाशी पाच-सहा काळ्या चिप्स, आणि बाकी डबा रिकामा. सोन्याच्या टिकलीची एकही नाही. मी वळून बघते तर माय ताटलीत हळद-कुंकू आणि एक छोटी डबी घेऊन उभी. डबीत चमकी होती. बाजरीच्या दाण्याएवढी, आठ पाकळ्यांची.

माझे मामा झारेकरी. सोनारांच्या दुकानातली झाडलोट, राख, माती विकत घेऊन त्यातून सोनं काढणं हा त्यांचा धंदा. त्यांच्या नजरेतून सोन्याचा कण सुटत नाही, आणि तो डबा तर त्यांच्या नजरेसमोर वर्षानुवर्षं होता. माय आणि मामांनी मिळून बेत केला होता. मामा त्या दिवशी घरातच होते आणि अतिशय खूश होते. "पंचवीस किडा व्हतात," त्यांनी मला सांगितलं, "बठ्ठा मिळीसन एक चमकी निंघनी." सगळ्यांचं सोनं वितळवून एक चमकी.

मी खाली बसले. आधी राग आला. मी म्हटलं, माय, मला न विचारता, अगं आबांनी स्टेशनवर दिलेली होती ती. माय जराही हलली नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. "डबामा ठेयेल सोनं काय अंडा दी का?" आणि मग म्हणाली: "ह्या किडास्नापायी चमकी काढी ना तू? मंग आते त्यास्नीज चमकी घाल."

या किड्यांपायी काढलीस, आता यांचीच घाल. मला हसू आलं. आलं ते थांबेना, आणि हसता हसता रडू आलं, आणि माय म्हणाली, नाक पूस, चमकी घालायची आहे. भोक बुजत आलं होतं. तिनं खोबरेल लावून, माझ्या तीस वर्षांच्या सगळ्या कारणांसकट, चमकी आरपार घातली. चांगलंच दुखलं.

आबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना सांगणं माझ्या वाट्याला आलं. मी सगळं सांगितलं. जोड वितळला, नाकात आहे. आबांनी माझ्या नाकाकडे बघितलं, मग मामांकडे, आणि विचारलं, "कितलं निंघनं?"

शेवटी जळगावचा माणूस. किती निघालं हे आधी.

पण मग ते उठून आतल्या खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी डब्यातल्या काळ्या चिप्स ताटात ओतल्या. मामांनी त्या सोडून दिल्या होत्या. यात काहीच नाही, असा त्यांचा निकाल होता, आणि धातूच्या हिशेबानं तो बरोबरच होता. चष्मा लावून एकेकीच्या पाठीवरचे पुसट आकडे वाचत गेले. एक मेमरीची. दोन भलत्याच. चौथीवर आठ-शून्य-आठ-पाच. छाप दुसऱ्या घरचा. सोनं नव्हतं म्हणूनच ती वाचली होती.

आबांजवळ नेली. त्यांनी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि परत दिली. "हाई दुसरा घरनं शे," म्हणाले. आपलं मशीन हे घेणार नाही. असलीची सर याला नाही. आणि खरं सांगते, मला तिथं जास्त राग आला, चमकीपेक्षा जास्त. मी म्हटलं, आबा, धुळ्याहून तुम्ही आलात तेव्हा दारात बसून राहायचात. काट्यावर बसायला बोलावलं की लोक म्हणायचे दुसरा आहे, असली नाही. तेव्हा तुम्ही काय विचारलं होतंत त्या व्यापाऱ्याला?

  माय दारात येऊन उभी राहिली होती.

"बदली उना म्हनीसन," मी सुरुवात केली.

"पोतं हलकं भरास का," आबांनी पूर्ण केलं. मग उठून बसले आणि बॅटरी कुठं आहे असं मायला विचारलं.

पाडव्याच्या सकाळी आम्ही तिघं रिक्षानं मिलवर गेलो. पोचेपर्यंत मामाही स्कूटरवरून आले. त्यांना अपराध्यासारखं वाटत होतं आणि ते त्यांनी सगळ्यांसाठी जिलबी आणून दाखवलं. गड्यांनी नव्या मशिनांना झेंडूचे हार घातले होते. जुन्यालाही एक होता, जरा बारका. शेठजींनी माझी विचारपूस केली आणि घड्याळ दाखवलं. मुहूर्ताला तासभर अवकाश होता.

मागचं दार उघडलं. तीच हिरवी पाटी. मी सोबत आणलेल्या छोट्या यंत्रानं तपासलं. वीज पोचत होती, ठेका देणारी चिप ठेका देत होती, पण डोकं उत्तर देत नव्हतं. सोन्याच्या टिकलीची ती पांढरी चिप, जिच्यामुळे मी घर सोडलं, ती मेली होती. पेचकसानं अलगद उचकटून काढली आणि आबांच्या तळहातावर ठेवली. काळी तिच्या जागी बसवली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली, बटण लावलं.

काहीच झालं नाही.

पुन्हा लावलं. काचेमागचे आकडे अंधारात.  इतकी वर्षं भंगारात आणि डब्यात पडलेली चिप, ती मुळात जिवंत होती याचा माझ्याकडे काय पुरावा होता? शेठजी सौजन्यानं दुसरीकडे बघत होते. मी आबांकडे बघायचं टाळलं. मी दोन देशांच्या फॅबमध्ये आयुष्य घालवलेली बाई, आणि वडिलांच्या एका मशीनला काही करू शकत नाही, हे मला फार लागलं.

आबा मात्र वाकून आत बॅटरी मारत होते. ऐंशीचे डोळे, पण तोलाऱ्याचे. काट्याची सुई केसभर हलली तरी दिसणारे. "पोरी," म्हणाले, "एक पाय मुडेल शे."

खरंच. चाळीस पायांतला एक खाचेत न जाता पोटाखाली दुमडला गेला होता. ही चूक पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात, करू नका म्हणून. मी चिप काढली, चिमट्यानं पाय सरळ केला. या वेळी आबांनी बॅटरी धरली आणि प्रत्येक पाय खाचेत गेलेला बघून मान डोलावली. मग बटण त्यांनीच लावलं.

काचेमागे लाल शून्यं उगवली. चार. मग मशीननं आपला तो जुना खरखरता आवाज काढला, जो मी लहानपणी दप्तर घेऊन दारात उभी असताना ऐकायचे. गड्यांपैकी कुणीतरी नारळ फोडला. पहिलं पोतं लागलं, तूरडाळ धो-धो पडली आणि पन्नास किलोंवर थांबली.

सगळे टाळ्या वाजवत होते, पण आबांचं समाधान नव्हतं झालेलं. त्यांनी ते पोतं मिलच्या कोपऱ्यातल्या जुन्या तराजूवर ठेवायला लावलं. वजनं स्वतः मांडली. दांडी हलली, हलली, आणि सरळ झाली. आबांनी एक डाळीचा दाणा उचलून पारड्यात टाकला, बहुतेक तराजूची परीक्षा म्हणून, मग तो परत काढून तोंडात टाकला. शेठजी म्हणाले, आबा, सोमवारपासून नेहमीच्या वेळेला या. आबा म्हणाले, सोमवारी कशाला, उद्या येतो.

दुपारी मिलच्या आवारात भरीत झालं. कपाशीच्या काट्या पेटवून भाजलेली वांगी, बडगीनं, म्हणजे लाकडी बत्त्यानं, ठेचलेली मिरची, वर कांद्याची पात, कळण्याच्या पुऱ्या. मामा प्रत्येक गड्याला माझं नाक दाखवत होते आणि यात पंचवीस कॉम्प्युटर आहेत असं सांगत होते. मी इतकं खाल्लं की परतीच्या रिक्षात सरळ बसता येईना.

संध्याकाळी पाडव्याचं औक्षण. मायनं आबांना ओवाळलं, मग मी ओवाळलं. किती वर्षांनी, मोजली नाहीत. आबांनी खिशातून काहीतरी काढलं आणि माझ्या तबकात ओवाळणी टाकली. चांदीच्या कागदाची पुडी होती. चहाच्या पुड्यातला कागद. आत ती पांढरी, सोन्याच्या टिकलीची, मशीनमधून काढलेली.

"एक मशीनमा शे," आबा म्हणाले, "एक तुन्हाजोडे ऱ्हाऊ दे." आणि मग मामांकडे वळून, एकेक शब्द तोलून, "ह्यामा हात घालू नको."

या वेळी ती डब्यात ठेवून आले नाही. विमानात सोबत आणली, तेवीस किलोंत बसवून. फॅबच्या दारात रोज सकाळी चमकी काढते, लॉकरमध्ये ठेवते, फायरआबेंडला पुन्हा घालते. फ्राउ क्रेमरना चमकीची गोष्ट सांगितली. त्यांनी आधी भिंग आणून ती बघितली आणि मग विचारलं की आता यातलं घर कुठलं, तिकडचं की इकडचं, पहिलं कुठलं आणि दुसरं कुठलं. पूर्वी मला कुणी हे विचारलं की मी विषय बदलायचे. त्या दिवशी नाही बदलला. एकाच्या जागी दुसरं बसलं आणि मी चालू राहिले, पाय कुठं दुमडला असला तर तो सरळ करून घेतला, एवढंच मला सांगता आलं. पोतं हलकं भरलं नाही.

रविवारी भाकरी थापताना आबांचा फोन येतो. ते फार बोलत नाहीत. मिलमध्ये असतात तेव्हा फोन नुसता मशीनजवळ धरतात. ती खरखर माझ्या ड्रेस्डेनच्या स्वयंपाकघरात येते, खिडकीत ठेवलेल्या सोन्याच्या टिकलीपर्यंत. मग आबांचा आवाज.

"चाली ऱ्हायनं, वं पोरी."

मी म्हणते, आठे बी, आबा. इथंही.